कागदावरचे जहाज संगणकात कसे उतरते?

सुरत म्हटले की आपल्यापुढे जरीच्या साड्या, हिऱ्यांचे कारखाने आणि इतिहासाच्या पुस्तकातील १६६४ व १६७० ही दोन साले उभी राहतात. महाराजांना जिच्यावर दोनदा चाल करून जावेसे वाटले, ती पेठ एवढी श्रीमंत का होती, याचे उत्तर मात्र तापी नदीच्या मुखाशी आहे. मोगल काळात मक्केचे यात्रेकरू आणि तांबड्या समुद्राकडे जाणारा माल येथून जहाजात चढत असे, आणि जहाजे बांधणारे सुतारही याच गावात राहत. त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ च्या सुमारास मुंबईस नेले. मुंबईच्या गोदीत पुढे वाडिया घराण्याच्या अनेक पिढ्यांनी जहाजे बांधली, हे आपण जाणतोच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जहाजांच्या आराखड्यावर लेख कशाला लिहावा, असा प्रश्न कन्नड विभागातील माझ्या एका मित्राने मला विचारला. (कन्नडमध्ये जहाजाला ‘हडगु’ म्हणतात, तेव्हा ‘हडगु’ आणि हिशेब यांचा संबंध काय, असे त्याचे म्हणणे.) संबंध असा की, बार्जमध्ये भरलेला कोळसा किंवा लोहखनिज कोणी तराजूत घालून मोजत नाही. बार्ज रिकामे असताना पाण्यात किती बुडाले होते आणि भरल्यावर किती बुडाले, हे त्याच्या अंगावर रंगवलेल्या आकड्यांवरून वाचतात. मग एका तक्त्यात पाहून मालाचे वजन ठरवतात, आणि त्या वजनावर बिल निघते. गोव्यात मांडवी-जुवारीवर खनिजाचे बार्ज पाहिलेल्यांना हे ऐकून ठाऊक असेल. सुरतेजवळ मगदल्ला येथेही समुद्रात उभ्या जहाजांतून माल बार्जने किनाऱ्यास आणण्याची पद्धत आहे. वजनाचा तो तक्ता जहाजाच्या आराखड्यावरून तयार होतो. आराखडा चुकला की तक्ता चुकतो, आणि तक्ता चुकला की कोणाच्या तरी खिशातून पैसे जातात.

माझे मामा गेली बरीच वर्षे सुरतेस जहाजदुरुस्तीच्या कामातील ड्रॉइंगे करतात. गेल्या दोन सुट्ट्या मी त्यांच्याकडे काढल्या व जुनी कागदी ड्रॉइंगे संगणकात उतरवण्याचे काम त्यांच्या हाताखाली शिकलो. त्याच अभ्यासाच्या आधारे पुढील माहिती देत आहे.

प्रथम ड्रॉइंग म्हणजे काय ते पाहू. जहाजाच्या बाहेरच्या आकारास, म्हणजे पाणी ज्याला स्पर्श करते त्या अंगास, इंग्रजीत ‘हल’ म्हणतात. हा आकार सर्व बाजूंनी वाकलेला असल्यामुळे घराच्या नकाशाप्रमाणे चार सरळ रेषांत तो मावत नाही. म्हणून दुधी भोपळ्याच्या फोडी कराव्यात तशा त्याच्या कल्पनेने तीन प्रकारे फोडी करतात. आडव्या चकत्या केल्या की नाळेपासून मागच्या टोकापर्यंतचे छेद मिळतात. त्यांना स्टेशन म्हणतात. पाण्याच्या पातळीला समांतर कापले की वॉटरलाइन मिळतात. लांबीच्या दिशेने उभे कापले की बटक नावाच्या रेषा मिळतात. या रेषा तीन चित्रांत दाखवतात: बाजूने, वरून आणि समोरून. डावी-उजवी बाजू सारखीच असल्यामुळे वरून पाहिलेल्या चित्रात अर्धेच जहाज काढतात, आणि समोरच्या चित्रात एका अर्ध्यात पुढची स्टेशने व दुसऱ्या अर्ध्यात मागची स्टेशने असतात. कागदाची ही काटकसर मला फार आवडली.

असा कागद हरवला तर काय होते, याचे उदाहरण वाडियांच्याच इतिहासात आहे. ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका मुंबईस बांधण्याचे इंग्रज आरमाराने १८१२ साली ठरवले. तिचा आराखडा मूळ एका फ्रेंच जहाजाचा होता. ‘एबे’ नावाचे ते जहाज इंग्रजांनी १७८२ साली पकडले व त्याच्या आकारावरून स्वतःच्या जहाजांचा एक वर्गच उभा केला. आराखड्याचे कागद ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले. पण २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला. ‘जावा’ नष्ट झाले व त्याबरोबर कागदही गेले. इंग्लंडमध्ये मूळ प्रत होती म्हणून दुसरी नक्कल पाठवता आली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे, आणि गंमत अशी की, तिचे कागद बुडवणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनमध्ये तरंगत आहे!

मामांकडे येणाऱ्या कागदांना अशी दुसरी प्रत बहुधा नसते. जुनी अमोनिया प्रिंट, घडीवर फाटलेली, उन्हाने फिकी झालेली, कोठे चहाचा डाग, असा माल येतो. मूळ ट्रेसिंग कोणाकडे आहे हे मालकालाही सांगता येत नाही, कारण मध्ये बार्ज दोनतीनदा विकले गेलेले असते.

संगणकात हे उतरवण्यासाठी फ्रीशिप, डेल्फ्टशिप यांसारखे प्रोग्रॅम आहेत. त्यांत बाजूच्या, वरच्या व समोरच्या दृश्यामागे पार्श्वभूमी म्हणून चित्र ठेवता येते. लहानपणी आपण खिडकीच्या काचेवर चित्र धरून वरच्या कागदावर गिरवत असू, तसाच हा प्रकार आहे. कागद स्कॅन करायचा, चित्र मागे ठेवायचे, फिके करायचे, आणि त्यावर जहाजाचा पृष्ठभाग बसवायचा. ऐकायला सोपे वाटते. पण संगणकाला ते चित्र म्हणजे नुसते ठिपके. त्यात जहाज आहे हे त्याला समजत नाही. त्याला दोनच गोष्टी आपण सांगतो. शून्य कोठे आहे ही पहिली, आणि दोन बिंदूंमधील खरे अंतर किती ही दुसरी. सगळे काम या दोन उत्तरांवर उभे असते.

आकड्यांत पाहू. आरमाराचे जुने आराखडे बहुधा एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे एक फुटास पाव इंच, या प्रमाणात असत. १५० फुटांचे जहाज त्यामुळे कागदावर साडेसदतीस इंच होते. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले तर लांबीत ११,२५० ठिपके येतात, आणि एक ठिपका खऱ्या जहाजावर सुमारे चार मिलिमीटर भरतो. एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे. पण कागद दमटपणाने फुगतो, उन्हाने आकसतो. अर्धा टक्का आकसला तर दीडशे फुटांत नऊ इंच गेले! शाईची रेघच खऱ्या मापात अर्धा इंच जाड असते, मग तिच्या कोणत्या कडेवर बोट ठेवायचे, हाही प्रश्न उरतोच. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर आणखी कठीण, कारण यंत्र थोडे लहानमोठे करतेच. मोबाईलने फोटो काढून काम भागवू पाहणारे लोकही भेटतात. त्यांना मामा हात जोडतात, कारण भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा वाकतात.

म्हणून मामांचा पहिला नियम असा: ‘‘कागद मोजू नकोस, कागदावर लिहिलेला आकडा मान.’’ लांबी ६० मीटर असे लिहिले असेल तर पुढच्या व मागच्या लंबरेषांवर टिचकी मारून संगणकाला ६० हाच आकडा द्यायचा. कोपऱ्यातील ‘प्रमाण एकास पन्नास’ या अक्षरांवर विसंबायचे नाही. शून्य नेहमी पायाची रेषा व लंबरेषा मिळतात तेथे घ्यायचे, समोरच्या चित्रात पायाची रेषा व मध्यरेषा मिळतात तेथे. तिन्ही चित्रांचे शून्य व प्रमाण एकमेकांशी जुळले पाहिजे, नाहीतर एकाच बिंदूला तीन घरे मिळतात. कागद लांबीत एक आणि उंचीत दुसरा आकसला असेल, तर चित्र प्रोग्रॅममध्ये नेण्यापूर्वीच दोन्ही दिशांनी वेगवेगळे ताणून लिहिलेल्या मापांशी मिळवून घ्यावे लागते. चित्र तिरके असेल तर तेही आधीच सरळ करावे.

नंतर पृष्ठभाग बसवायचा. प्रोग्रॅममध्ये बिंदूंची एक जाळी असते; बिंदू ओढले की पृष्ठभाग त्यांच्यामागे वाकतो. नवशिक्याला वाटते, बिंदू जितके जास्त तितके चित्र हुबेहूब. प्रत्यक्षात उलटे होते. बिंदू वाढले की पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात, आणि कागदाची सुरकुतीसुद्धा जहाजाच्या अंगावर उतरते. पूर्वीचे ड्राफ्ट्समन लवचीक लाकडी पट्टी वजनांनी दाबून वाक काढत. पट्टी आपल्या स्वभावाने जेथे गुळगुळीत जाई तीच रेषा खरी. या पट्टीला स्प्लाइन म्हणत, आणि शोनबर्ग या गणितज्ञाने १९४६ साली आपल्या वक्रांना तेच नाव दिले. तात्पर्य, थोडे बिंदू घ्यावेत आणि कागदापासून केसभर सुटले तरी गुळगुळीत रेषेला मान द्यावा.

आता आमच्या शाखेचा भाग. समजा ६० मीटर लांबीच्या बार्जची एका वॉटरलाइनवरील अर्धी रुंदी पाच ठिकाणी, दर १५ मीटरवर, अनुक्रमे २.०, ५.६, ६.०, ६.० व ४.४ मीटर आहे. सिम्प्सनच्या नियमाने त्यांना १, ४, २, ४, १ ने गुणून बेरीज केली की ६४.८ येते. तिला १५ च्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे ५ ने, गुणायचे व दोन्ही बाजूंसाठी दुप्पट करायची. ६४८ चौरस मीटर झाले. बार्ज एक सेंटिमीटर खाली बसले म्हणजे ६.४८ घनमीटर पाणी हटले, समुद्राच्या पाण्यात त्याचे वजन ६.६४ टन. दीड मीटर खाली बसले तर, कडा उभ्या आहेत असे धरून, सुमारे ९९६ टन. पण लांबी-रुंदी देताना प्रमाण एक टक्का जास्त धरले गेले असेल, तर क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी वाढते आणि तक्ता १,०१६ टन दाखवतो. बार्जमध्ये नसलेल्या वीस टनांचे पैसे कोणी द्यायचे?

म्हणून संगणकाचे काम संपले की ताळा घ्यायचा. जुन्या कागदावर एखाद्या खोलीचे विस्थापन, म्हणजे हटलेल्या पाण्याचे वजन, लिहिलेले असेल तर ते आपल्या आकड्याशी ताडून पाहतात. येथे मला आमच्या लेखाशास्त्रातील ट्रायल बॅलन्सची आठवण झाली. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे वह्या बिनचूक असे नव्हे. एकमेकींना झाकणाऱ्या चुका असू शकतात. तसेच नाळेकडे फुगवटा व मागे खळगा असेल तर एकूण वजन जुळूनही आकार चुकलेला असतो. त्यासाठी बुडालेल्या भागाचा मध्यबिंदू लांबीत कोठे येतो, हेही जुन्या आकड्याशी पाहावे. तो सरकलेला असला की चूक पकडता येते. मापांचा तक्ता, ज्याला ऑफसेट टेबल म्हणतात, शिल्लक असेल तर तो चित्रापेक्षा केव्हाही विश्वासाचा. जुन्या तक्त्यात ५-७-३ असे लिहिलेले आढळते. पाच फूट सात इंच आणि तीन अष्टमांश, असा त्याचा अर्थ. मला पहिल्यांदा ती तारीखच वाटली होती.

शेवटी एक अडचण सांगतो, कारण तिचे उत्तर कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नाही. आमच्याकडे आलेल्या एका बार्जचे ड्रॉइंग उत्तम उतरले, ताळाही मिळाला. पण त्या बार्जची नाळ मधल्या काळात धडकेनंतर नव्याने बांधलेली होती आणि तिचा कागद कोणी केलाच नव्हता. म्हणजे ड्रॉइंग एका बार्जचे आणि पाण्यात उभे दुसरेच! ओहोटीला ते चिखलावर बसले तेव्हा मामा ओळंबा, टेप आणि खडू घेऊन गेले व पुढच्या चार स्टेशनांची मापे हाताने घेतली. मी ती वहीत उतरवली. संगणकात आता दोन फाइली आहेत. एकीच्या नावात ‘कागदाप्रमाणे’ आहे, दुसरीच्या नावात ‘मोजल्याप्रमाणे’ आणि मोजल्याची तारीख. वजनाचा तक्ता दुसरीवरून काढला, आणि जुना कागद गुंडाळून नळीत घालून मालकाला परत दिला.