सदऱ्याची साक्ष: आरोप आणि पुरावा



सूरह यूसुफमध्ये सदरा दोनदा साक्षीला येतो. हजरत यूसुफ (अलै.) यांच्या भावांनी रक्ताने माखलेला सदरा वडिलांपुढे ठेवला आणि लांडग्याने भावाला खाल्ल्याचे सांगितले. मुफस्सिरीन लिहितात, सदरा कोठेही फाटलेला नव्हता. आरोप लांडग्यावर होता. पुरावा भावांकडे बोट दाखवीत होता. पुढे मिस्रमध्ये अजीजच्या पत्नीने यूसुफ (अलै.) यांच्यावर आळ घेतला. तिच्याच घरच्या माणसाने कसोटी सांगितली: सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर ते खरे. सदरा मागून फाटलेला निघाला. तरीही त्यांना कैदेत टाकले गेले.

हा प्रसंग जुना झालेला नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आले नव्हते. मग जप्त केलेल्या वस्तूंचा आरोपाशी मेळ कसा बसणार? या निकालाविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी सुटले. स्फोटके दुचाकीत ठेवली होती, हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पहिला निकाल ऐकून आपण न्याय झाला म्हणालो आणि दुसरा ऐकून अन्याय झाला म्हणालो. दोन्ही वेळी आपण पुरावा तपासला होता काय? सूरह माइदाची आठवी आयत बजावते की, एखाद्या समूहाविषयीचे वैरही आपल्याला न्यायापासून ढळवू नये. आरोप आणि पुरावा जुळला नाही, तर निरपराध माणसाचे तारुण्य तुरुंगात जाते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. मृतांच्या घरच्यांना तर दोन्हीकडून रिकाम्या हातांनी परतावे लागते.

म्हणून मंद्रूपच्या चौकात असो वा आपल्या मोबाईलवर, कोणाच्या अटकेची बातमी आली की थांबा. आरोपी आपला म्हणून निर्दोष ठरवू नका, परका म्हणून गुन्हेगार म्हणू नका. आधी विचारा: सदरा कोठून फाटला आहे?

अल्लाह आपल्याला सत्याची साक्ष देण्याचे बळ देवो. आमीन.