बेडूक आधी, शॅमेलिऑन नंतर

लेस्टर

प्रिय सोन्या,


तुझं पत्र मिळालं. निळ्या डार्ट बेडकांची टाकी आणि येमेनी शॅमेलिऑन सरड्याचं महिन्याभराचं पिल्लू, दोन्ही येत्या सुट्टीच्या आत आणायचा तुझा बेत आहे. आईने मला सांगितलंय की तू माझं ऐकशील. मग ऐक. बेडूक जरूर पाळ, पिल्लू मात्र इतक्यात आणू नकोस.

पहिलं म्हणजे, तू अजून पंधराचा आहेस. 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि अशा मुलाकडच्या प्राण्याची जबाबदारी कायदा पालकांवर टाकतो. तेव्हा टाकी तुझी असली तरी उत्तर आई-बाबांना द्यावं लागेल. त्यांना गृहीत धरू नकोस.

आजीला विषाची धास्ती वाटते, तिला नीट समजावून सांग. कोलंबियातले एम्बेरा लोक ज्या सोनेरी बेडकाच्या पाठीवर बाणांची टोकं घासत, त्याचं विषसुद्धा जंगलातले किडे खाऊनच कातडीत साठतं. इथे जन्मून फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसतं. म्हणून बेडूक घ्यायचे ते इथेच पैदास झालेले, आणि तशी लेखी पावती मागून. तुझे दोन्ही प्राणी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. पावती द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून काहीही घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळालं तरी.

हे निळे बेडूक सुरिनामच्या सिपालिविनी भागातले. त्यांना 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर ओल लागते. इथे सगळे थंडीची काळजी करतात, पण हे जीव उकाड्याने लवकर जातात. 19 जुलै 2022 ला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला 40.3 अंश तापमान होतं, आणि तुझी खोली थेट छपराखाली. अशा दिवसांत टाकी खालच्या मजल्यावर कुठे हलवणार, ते आत्ताच ठरव. नळाचं पाणी तसंच फवारू नकोस. त्यात क्लोरीन असतं, आणि बेडूक कातडीतून पाणी शोषतो. त्याच कारणाने त्याला हातात घ्यायचं नाही. आपल्या हाताचा साबण, मीठ, क्रीम सगळं त्याच्या अंगात जाईल.

खरे कष्ट आहेत ते माश्यांचे. न उडणाऱ्या फळमाश्यांच्या बरण्या घरीच लावायच्या, आणि एक बरणी संपायच्या आत दुसरी तयार हवी. माश्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवल्या की पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या होतात. त्या टाकीत सोडल्यावर वाकून बघ. बेडूक माशीवर नजर रोखतो, मागच्या पायाचं लांब बोट टपटप आपटतो, आणि मग जीभ सुटते. इतक्या वर्षांनंतरही मी हातातलं काम टाकून हे बघत उभी राहते.

आता एक गोष्ट तळमळीने सांगते. टाकीतलं पाणी, माती, छाटलेली पानं बागेत कधीही टाकू नकोस. जगभर बेडकांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण 1999 मध्ये झालं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये मेलेल्या निळ्या डार्ट बेडकावरून. वरून धडधाकट दिसणारा बेडूकही ती बाळगत असू शकतो. तुमच्या मागच्या तळ्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालायला येणाऱ्या बेडकांना तुझ्या हौसेची झळ लागता कामा नये. आणि कंटाळून परका प्राणी मोकळा सोडणं हा तर 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

पिल्लाचं गणित याच्या उलट. त्याला दिव्याखाली तिसेक अंशांची ऊब हवी आणि रात्री गारवा हवा. ते पानांवरचे थेंब चाटून पाणी पितं, वाटीतल्या साठलेल्या पाण्याकडे बहुधा वळत नाही. हाडांसाठी यूव्हीबी किरण लागतात, आणि ते खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. म्हणून खास ट्यूब हवी, आणि ती उजळ दिसत असली तरी ठरल्या मुदतीत बदलायला हवी. नाहीतर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा दबतो. मोठा शॅमेलिऑन एखादी चूक सोसतो, पिल्लाच्या अंगात तेवढी शिल्लक नसते. त्याला बारके रातकिडे दिवसातून दोन-तीनदा लागतात, आणि तू तर साडेतीनपर्यंत शाळेत. मादी निघाली तर नराशिवायही अंडी घालते. त्यासाठी ओली वाळू मिळाली नाही, तर ती अंडी अडून जीवावर बेतू शकतं.

खांद्यावर घेऊन फिरायचं तू लिहिलं आहेस, ते विसर. तो एकटा राहणारा प्राणी आहे, आणि हाताळलं की काळपट पडतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की पँथर शॅमेलिऑन कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलून रंग पालटतो. तुला त्यातलं विज्ञान आवडतं ना, मग लांबून बघ.

दोन्हींना एक हवामान देता येत नाही. लंडन झूचं 1927 चं सर्पगृह प्राणिशास्त्रज्ञ जोन प्रॉक्टरने आखलं, तेव्हा तिने वेगवेगळ्या भागांना विजेची वेगवेगळी ऊब दिली होती. त्याच झूमध्ये 2024 पासून सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांसाठी नवं घर आहे. पैसे खर्च करण्याआधी तिथे एक दिवस घालव.

शिवाय जुलैअखेर तुम्ही सगळे पुण्याला जाता. त्या पाच-सहा आठवड्यांत बेडकांची टाकी मी माझ्याकडे आणीन. पिल्लाची रोजची उठबस मला जमणार नाही, आणि शेजाऱ्यांवर टाकण्यासारखी ती नाही. बेडूक दहा वर्षांहून जास्त जगू शकतात, म्हणजे तू विद्यापीठात गेल्यावर ते कुणी बघायचं, हेही आईशी बोलून घे. तेव्हाही ते माझ्याकडे चालतील.

आता लगेच करायचं ते सांगते. शनिवारी बाबांबरोबर ये. माश्यांच्या दोन बरण्या आणि स्प्रिंगटेल या बारक्या किड्यांचा एक डबा तयार ठेवला आहे. बेडूक न आणता दोन महिने त्या चालव, आणि रिकाम्या टाकीत रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि ओल वहीत लिही. वही मला दाखव, मग आपण दोघं पैदास करणाऱ्याकडे जाऊ.

तुझी,
मावशी