टायर ३७ इंची, मग गिअर कितीचे?

पिकअप उंच करून तिला मोठे टायर लावायचं ठरलं की लोक दोन खर्च धरतात, लिफ्ट किटचा आणि टायरचा. तिसरा खर्च टायर लागल्यावर, पहिल्या चढाला कळतो. गाडी ओढत नाही, गिअरबॉक्स सारखा खालचा गिअर शोधत राहतो आणि मग कुणीतरी सांगतं, ‘ॲक्सलचे गिअर बदला.’ अमेरिकेत या कामाला रीगिअरिंग म्हणतात. पुढचा आणि मागचा ॲक्सल मिळून ते साधारण दोन ते तीन हजार डॉलरना पडतं. काहींना ते टाळता येत नाही. काहींनी मात्र फक्त टायरच्या मापाचा तक्ता बघून हे पैसे उगाच घातलेले असतात, आणि माझा आक्षेप त्या तक्त्यालाच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गाडी उंच केल्याने गिअरचं गणित बदलत नाही, टायरचा व्यास वाढल्याने बदलतं. लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, जॉइंट लवकर झिजतात, ते दुखणं वेगळं आणि त्याचं बिलही वेगळं.

ॲक्सलचे गिअर म्हणजे डिफरन्शियलच्या आतली जोडी. तिथे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचं छोटं पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. क्राउनचे दात ४१ आणि पिनियनचे ११ असतील तर रेशो ३.७३. पिनियनचे १० असतील तर ४.१०. आकडा जेवढा मोठा तेवढा चाकावर जोर जास्त, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे हा आकडा आपोआप लहान झाल्यासारखा होतो. डबलसीट सायकल चढावर सर्वांत जड गिअरमध्ये मारावी, तशी इंजिनाची अवस्था होते.

उदाहरण जीप ग्लॅडिएटरचं घेऊ. तिच्या साध्या स्पोर्ट मॉडेलला ३.७३ चे गिअर आणि २४५/७५आर१७ मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास साडेएकतीस इंच. त्याजागी ३७ इंची बसवले तर ३.७३ गुणिले ३१.५ भागिले ३७, म्हणजे गाडी ३.१८ चे गिअर असल्यासारखी वागू लागते. चाकावरचा पंधरा टक्के जोर गेला. या गाडीचं ३.६ लिटरचं इंजिन २६० पौंड-फूट टॉर्क देतं, तेही मिनिटाला ४४०० फेऱ्यांना. त्यातला पंधरा टक्के गेला की चाकाला २२१ पौंड-फुटांचं इंजिन जोडल्यासारखं वाटणार. शिवाय ३७ इंची टायर एकेक ७० पौंडांच्या आसपास भरतो. ते वजन फिरवायला आणि ब्रेकने थांबवायलाही लागतं, आणि ते या गणितात धरलेलंच नाही.

आता उलटं गणित. मूळ जोर परत हवा तर ३.७३ गुणिले ३७ भागिले ३१.५, म्हणजे ४.३८. असा सेट सहसा मिळत नाही. बाजारात ४.१०, ४.५६, ४.८८, ५.१३, ५.३८ असे ठरलेले आकडे मिळतात. तक्ता म्हणतो ४.५६ किंवा ४.८८. मी ४.८८ कडे झुकेन, कारण ३७ इंची टायरवर ४.८८ म्हणजे मूळ टायरवरचे जवळजवळ ४.१५. कंपनी याच गाडीला जास्त वजन ओढण्याच्या ‘मॅक्स टो’ पॅकेजमध्ये ४.१० देते. टायरचं जादा वजन ओढायला तेवढी जागा हवीच.

पण हे उत्तर या इंजिनाचं आहे, ३७ इंचांचं नाही. फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरला कारखान्यातूनच ३७ इंची टायर मिळतात आणि तरी तिचे गिअर ४.१० चेच आहेत. तिच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क ५१० पौंड-फूट आणि गिअरबॉक्स दहा स्पीडचा. उलट जीपने रँग्लर रुबिकॉनला ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ पॅकेजमध्ये ३५ इंची टायर दिले तेव्हा सोबत ४.५६ चे गिअर दिले. टायर लहान, तरी गिअरचा आकडा मोठा. टायरच्या मापावरून गिअर सांगणारा तक्ता हे तुम्हाला सांगत नाही, आणि दुकानदारही सांगेलच असं नाही.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. ग्लॅडिएटरच्या आठ स्पीड ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ४.७१ चा, आठवा ०.६७ चा. ताशी ६५ मैलांना मूळ गाडीत इंजिन साधारण १७३० फेऱ्यांवर असतं. ३७ इंची टायर लावून गिअर तेच ठेवले तर आठव्यात १४७५ फेरे. तिथे या इंजिनात दम नाही, म्हणून गाडी सातव्यात उतरते आणि फेरे १८५० होतात. ४.५६ घातले तर आठव्यातच १८०० मिळतात आणि ४.८८ घातले तर १९३०. थोडक्यात, सपाट हायवेवर सातव्या गिअरमध्ये फिरायला तुमची हरकत नसेल, तर दोन-तीन हजार डॉलर खर्चून तिथे तुम्हाला फारसं काही मिळत नाही. मिळतं ते सिग्नलवरून निघताना, ट्रेलर लावून चढताना आणि दगडांवरून गाडी मुंगीच्या चालीने काढताना, कारण पहिल्याच्या खाली उतरायला दुसरा गिअर नसतो.

जुन्या गाड्यांचं मात्र तसं नाही. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या जुन्या चार स्पीड ४एल६०ई गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ चा आणि दुसरा थेट १.६३ चा. त्यात ॲक्सल ३.४२ चा असला तर पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो साडेदहा. ग्लॅडिएटर स्पोर्टमध्ये तोच साडेसतरा. अशा जुन्या गाडीला ३५ इंची टायर लावणार असाल तर गिअरचे पैसे टायरच्या आधी बाजूला ठेवा.

राहण्याचं ठिकाणही बघा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. डॅलसच्या सपाटीवर जी गाडी चालून जाते, तीच डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे निघाली की तीसेक टक्के शक्ती हवेतच गेलेली असते. कोलोरॅडोतल्या मित्राचा सल्ला टेक्सासमध्ये जसाच्या तसा लावू नये, आणि उलटही.

मग आकडा सगळ्यांत मोठाच का घेऊ नये? कारण ४.१० ला पिनियनचे दात दहा असतात, ४.८८ ला आठ. दात कमी, पिनियन लहान, म्हणून नाजूक. दगडांत गाडी अडकवून ॲक्सिलरेटर दाबायची सवय असेल तर ते पिनियन दात टाकतं.

आता खर्च. क्राउन-पिनियनचा सेट, बिलात ज्याला रिंग अँड पिनियन लिहितात, एका ॲक्सलला साधारण २०० ते ३५० डॉलर. बेअरिंग, सील, शिम असलेलं इन्स्टॉल किट १०० ते २५०. मजुरी एका ॲक्सलला ५०० ते ८००, पुढच्याला थोडी जास्त. चारचाकी ड्राइव्ह असेल तर दोन्ही ॲक्सल एकाच रेशोचे लागतात. फक्त मागचे बदलून पुढचे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याने फोर-व्हील ड्राइव्ह लावायचा नाही, नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडून दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस फोडतात. त्यात गिअर ऑइल, कर, आणि स्पीडोमीटरला नवं माप शिकवणारं उपकरण २०० ते ४०० डॉलर. ते वगळू नका. ३७ इंची टायरवर काटा ६० दाखवत असताना गाडी सत्तरीने धावत असते आणि पोलिसाला तुमच्या टायरशी देणंघेणं नसतं. ओडोमीटरही कमी मोजतो. तो १०,००० दाखवेल तेव्हा गाडी ११,७०० मैलांच्या पुढे गेलेली असेल.

लॉकर, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा भाग, बसवायचा विचार असेल तर याच वेळी बसवा. डिफरन्शियल उघडलेलंच असतं, मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. एअर लॉकर एका ॲक्सलला हजार डॉलरच्या वर जातो. काही जुन्या ॲक्सलमध्ये मात्र न विचारता खर्च वाढतो. जुन्या दाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंतच्या गिअरना एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि ३.९२ पासून वरच्यांना दुसरा. म्हणजे ३.७३ वरून ४.५६ ला जाताना कॅरिअरही घ्यावा लागतो. ऑर्डर देण्याआधी दुकानात हे विचारा आणि उत्तर अंदाजपत्रकात लिहून घ्या.

आपल्या गाडीत सध्या काय आहे हे आधी नक्की करा. जनरल मोटर्सच्या गाड्यांत कोड लिहिलेलं स्टिकर असतं, बहुतेक जुन्या पिकअपमध्ये ग्लव्ह बॉक्समध्ये. जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. फोर्डचा ॲक्सल कोड दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. जुनी गाडी घेत असाल तर स्टिकरवर भरवसा ठेवू नका, आधीच्या मालकाने गिअर बदललेले असू शकतात. मागची दोन्ही चाकं उचलून, एकाच दिशेला एक पूर्ण फेरा फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. पावणेचारच्या किंचित कमी आले तर ३.७३. याला पैसे लागत नाहीत.

स्वस्तातला मार्ग म्हणाल तर तो गाडी घेण्याआधीचा. ग्लॅडिएटर रुबिकॉनला ४.१० चे गिअर, दोन्हीकडे लॉकर आणि ३३ इंचांच्या जवळपासचे टायर कारखान्यातून येतात. त्यावर ३५ इंची लावून शहरात-हायवेवर फिरणाऱ्याने गिअरला हात लावू नये, असं माझं मत आहे. स्पोर्ट आधीच दारात असेल तर रुबिकॉनवाल्यांनी मोठे ॲक्सल घेताना काढून विकलेले मूळ ॲक्सल शोधा. ते नीट मापाचे आणि न आपटलेले मिळाले तर ३५ इंचांपुरतं काम भागतं आणि लॉकरही पदरात पडतात.

दोन कागदी गोष्टी. गिअर बदलल्याने दारावरच्या स्टिकरवरची भाराची मर्यादा किंवा कंपनीने सांगितलेली ट्रेलर ओढण्याची मर्यादा वाढत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि वॉरंटी सरसकट रद्द होत नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे बिघाड तुमच्या बदलामुळे झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. डिफरन्शियलच फुटलं तर अर्थात ते दाखवणं तिला अवघड नाही. अमेरिकेतलं बघून पुण्या-नाशिकचा भाऊ थारला तेच करू म्हणेल, तर त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी वाचायला सांगा. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल तिथे नोंदणीच्याच मुळावर येतात.

दुकान निवडताना सगळ्यांत स्वस्त दर बघू नका. क्राउन-पिनियन बसवणं मोजमापाचं काम आहे. पिनियनची खोली शिम घालून जुळवायची, दातांमधली ढिलाई इंचाच्या सहा ते दहा हजारांश भागांत ठेवायची, मग दातांना पिवळा रंग लावून ठसा कुठे पडतो ते बघायचं. त्या ठशाचा फोटो मागा. जो देतो त्याच्याकडे काम द्या. बेअरिंग नवी घालणार का जुनीच, हेही विचारा. नवीच घालायला लावा. मजुरीवर निदान एक वर्षाची लेखी हमी घ्या.

गाडी हातात आल्यावर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवून अर्धा तास थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ५०० मैल ट्रेलर लावायचा नाही, आणि त्यानंतर दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं. त्या ऑइलमध्ये बारीक चमकदार भुकटी असेल तर ती चालते. नखाने उचलता येतील असे तुकडे असतील तर गाडी तिथेच उभी करून दुकानाला फोन करा. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना ठरावीक वेगाला घूं-घूं असा आवाज येत असेल, तर ‘गिअर बसतील हळूहळू’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. चुकीचं बसवलेलं पिनियन आपोआप सुधारत नाही. तारीख आणि मैल लिहून, हमीच्या मुदतीतच गाडी परत न्या.