मोठे पाऊल, मोटारसायकल आणि घोट्याचे दुखणे

गेल्या पावसाळ्यात दूधसंकलनाचे काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. उजवा घोटा पुढच्या बाजूने दुखत होता. रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल चालवायची. मी मुरगळ समजून गोळ्या, मलम आणि क्रेप बँडेज दिले. पंधरा दिवसांनी स्वारी तशीच लंगडत हजर! "डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी मात्र दुखत नाही," असे तो जाता जाता बोलला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

त्याला दवाखान्याच्या दारातच गाडीवर बसवले. पायात ११ नंबरचा जाड बूट. पाऊल फूटरेस्टवर टेकले की बुटाचे टोक थेट ब्रेकच्या पेडलवर पडे. ब्रेक लागू नये म्हणून हा गडी तासन्‌तास चवडा वर उचलून धरी. चवडा उचलणारा स्नायू नडगीच्या पुढे असतो आणि त्याची दोरीसारखी कंडरा घोट्यावरून पावलाच्या आतल्या कडेला जाते. तिला विसावाच मिळत नव्हता. शिवाय पाय थकला की पेडलवर पडे, ब्रेक घासत राही आणि ड्रम तापे. ते तर दुखण्याहून वाईट.

आता इलाज पान्याचा. बऱ्याच गाड्यांत पेडलजवळ उंची ठरवणारा बोल्ट आणि त्याचा लॉकनट असतो. पाऊल सपाट ठेवल्यावर पेडल तळव्याच्या किंचित खाली राहील इतके ते उतरवावे. पण तेवढ्यावर थांबू नये. पेडल उतरले की त्याची मोकळी चाल कमी होते. म्हणून ड्रम ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकाजवळचा रॉडचा नट फिरवून ती पुन्हा जुळवावी. साधारण २० ते ३० मिलिमीटर चाल असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक मोकळे फिरते का आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का, हे तपासावे. डिस्क ब्रेक असेल तर हात न लावता मेकॅनिककडेच जावे.

डाव्या पायाचे दुखणे बहुधा गिअरचे. जाड बूट दांड्याखाली शिरत नाही, मग माणूस घोटा वाकडा करतो. दांडा खाचांच्या दांडीवर बसवलेला असतो. बोल्ट काढून तो ओढून घ्यावा, एक खाच वर बसवावा आणि बोल्ट घट्ट आवळावा. टाच-चवड्याच्या दुहेरी दांड्यात पुढची बाजू वर गेली की मागची खाली येते, हे ध्यानात असू द्या. एका वेळी एकच खाच, आणि आधी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहा.

बुटाची नाडी घोट्यावर करकचून बांधू नका. तीही त्याच कंडरेवर दाबते. पोटरी सुजली, बोटे बधिर झाली किंवा रात्रीही ठणका राहिला, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर थोड्या दुखण्यालाही थांबू नका.

त्या तरुणाला तीन आठवड्यांत आराम पडला. उरलेल्या गोळ्या मात्र त्याने मला परत आणून दिल्या.