यमकाची जाण आणि वाचनाची पूर्वतयारी

प्रश्न : माझी साडेचार वर्षांची कन्या बडबडगीते तोंडपाठ म्हणते, परंतु ‘माळ’शी जुळणारा शब्द विचारला की गप्प बसते. तिला वाचन जड जाईल काय?
– एक माता, सातारा

उत्तर : भगिनी, तूर्त चिंतेचे कारण नाही. पाठांतर हे स्मृतीचे कार्य, यमक ओळखणे हे ध्वनिसाम्य टिपणाऱ्या कानाचे, आणि स्वतः यमक जुळविणे ही त्याही पुढची पायरी असल्यामुळे, प्रथम ‘माळ, बाळ, पान’ यांतील विजोड शब्द तिला केवळ ऐकून निवडू द्यावा व नंतर ‘गाडी, माडी…’ ही मालिका तिच्याकडून पुढे नेववावी. निरर्थक शब्दही खुशाल मंजूर करावा, कारण येथे महत्त्व नादाचे आहे. अक्षरओळखीची सक्ती मात्र नको. हाकेला प्रतिसाद मंद किंवा उच्चार अस्पष्ट असल्यास श्रवणतपासणी जरूर करवावी.