अडखळणारे पाऊल आणि विजेचा आधार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातील एका शाळेतील शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आत. तक्रार अशी की, उजवा पाय उंबरठ्याला अडखळतो आणि चप्पल पायातून कधी निसटते ते कळत नाही. मी म्हटले, ''बाई, चप्पल बदला आणि या ताकदीच्या गोळ्या महिनाभर घ्या.'' बाईंनी दोन्ही केले. सहा महिन्यांनी त्या शाळेच्या पायऱ्यांवर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. त्या दिवशी मी त्यांची चप्पल उलटी करून पाहिली. उजव्या चपलेचे पुढचे टोक घासून झिजले होते, टाच मात्र जवळजवळ नवी होती. हे मी पहिल्याच भेटीत पाहायला हवे होते.

पाऊल पुढे टाकताना पंजा वर उचलला जात नाही, खाली लोंबतो व जमिनीला घासतो, याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे, आजाराचे लक्षण आहे. बाईंना मेंदूतज्ज्ञांकडे पाठविले. एमआरआय झाला आणि निदान आले मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस.

विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून या आवरणावरच हल्ला करते. त्यामुळे मेंदूचा निरोप वाटेत मंदावतो किंवा अडतो. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, स्त्रियांत अधिक आढळतो आणि तो संसर्गजन्य नाही. आजाराचे झटके कमी करणारी औषधे आज आहेत. ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आता मुद्द्याची गोष्ट. एमएसमध्ये बिघाड वर, म्हणजे मेंदू किंवा मज्जारज्जूत असतो. मज्जारज्जूपासून पायाच्या स्नायूपर्यंत जाणारी नस सहसा शाबूत असते. गुडघ्याच्या थोडे खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचे एक टोक हाताला लागते. त्याला वळसा घालून ही नस कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे विजेचा मंद ठोका दिला की नडगीपुढचा स्नायू आकसतो आणि पंजा वर उचलला जातो. वरून निरोप येत नसेल, तर तो मधूनच द्यायचा, अशी ही युक्ती आहे. तिला 'फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन', थोडक्यात एफईएस, म्हणतात.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली पक्षाघाताच्या रुग्णांवरील असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुढे इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे तयार झालेले ओडस्टॉक यंत्र एमएसच्या रुग्णांतही वापरले गेले. तिथल्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने जानेवारी २००९ मध्ये मेंदू किंवा मज्जारज्जूतील बिघाडामुळे झालेल्या फूट ड्रॉपसाठी या उपचाराला मान्यता दिली.

यंत्र खिशात मावेल एवढे असते. दोन चिकट पट्ट्या गुडघ्याखाली लावतात आणि बुटात टाचेखाली एक बटण असते. टाच उचलली की प्रवाह सुरू होतो, टाच टेकली की थांबतो. आपण घरात अनवाणी वावरतो, त्याचे काय? काही यंत्रांत बटणाऐवजी पायाचा कल ओळखणारी सोय असते. ती अनवाणीही चालतात. प्रवाहाने मुंग्या आल्यासारखे वाटते, बहुतेकांना त्याची सवय होते. पट्टीखाली कातडी लाल होत असेल, तर लगेच दाखवावे.

मर्यादाही समजून घ्या. या यंत्राने एमएस बरा होत नाही. यंत्र चालू असेपर्यंतच मुख्य फायदा. काढले की पाऊल बहुधा पूर्वीसारखेच पडते. व्यायाम सोडता येत नाही. पायात फार ताठरपणा असेल, घोटा आखडला असेल, तर उपयोग कमी. हृदयात पेसमेकर असेल, फिट्स आटोक्यात नसतील किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये. उन्हाळ्यात एमएसच्या रुग्णांचे पाय अधिक जड होतात, म्हणून कामे सकाळी उरकावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक लोंबणाऱ्या पावलाला हे यंत्र चालत नाही. कुष्ठरोगात किंवा गुडघ्याजवळच्या दुखापतीत ती नसच निकामी झालेली असू शकते. मग ठोका कोणाला देणार? अशा वेळी घोट्याचा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, हाच सोपा व स्वस्त आधार. तो एमएसमध्येही अनेकांना पुरतो. कातडीवर बधिर चट्टा आणि पंजा उचलेना, असे असेल तर ताबडतोब सरकारी दवाखान्यात जा. तिथे कुष्ठरोगाची औषधे मोफत मिळतात आणि वेळेवर उपचार झाल्यास नस वाचू शकते. पाय एकाएकी लुळा पडला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक तासही घालवू नका.

म्हणून जाहिरात पाहून यंत्र मागवू नका. आधी कारण शोधा, मग अनुभवी फिजिओथेरपिस्टकडे यंत्र लावून प्रत्यक्ष चालून पाहा. फरक पडला तरच खर्च करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हेही लक्षात असू द्या.

घरी करून पाहण्याजोगी तपासणी सोपी आहे. खुर्चीत बसा, टाचा जमिनीवर टेकवा आणि दोन्ही पंजे वर उचला. एक पंजा मागे राहतो का? चपलेचे टोक झिजले आहे का? असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि डॉक्टर माझ्यासारखे ''चप्पल बदला'' म्हणाले, तर पुन्हा विचारा.

बाई आज यंत्र लावून शाळेत जातात. खडबडीत रस्त्यावर काठी लागतेच. मागे एकदा मी विचारले, ''बाई, नक्की काय फरक पडला?'' त्या म्हणाल्या, ''डॉक्टर, आता पायाकडे बघत चालावं लागत नाही. समोरून येणारी मुलं दिसतात.''