नंबर, वेळ आणि टॉवर

या लेखाची सुरुवात झाली डोंबिवलीला, माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात. सेमिनारसाठी मी "मोबाईल आणि प्रायव्हसी" असा विषय घेतलाय म्हटल्यावर मावशी पोळी लाटता लाटता म्हणाली, "अगं, आमच्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय? भिशीच्या बायका आणि तुझे काका!" आपल्या हॉस्टेलवरही सगळे हेच म्हणतात. "आपण कुठे टेररिस्ट आहोत?" मावशीला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देते. पण त्यासाठी आधी ठाण्यात २०१८ साली काय घडलं ते सांगायला हवं.

जानेवारी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. आरोप असा की, हे लोक पैसे घेऊन दुसऱ्यांचे सीडीआर विकत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या नामांकित महिला गुप्तहेर रजनी पंडित यांनाही अटक झाली (पुढे त्यांना जामीन मिळाला. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, हे विसरू नये). यवतमाळ पोलीस दलातला एक शिपाईही पकडला गेला. मार्चमध्ये मुंबईतल्या एका वकिलांना अटक झाली आणि उच्च न्यायालयाने ती अटक कायद्याच्या रीतीने झाली नाही म्हणून त्यांना सोडायला सांगितलं. त्यात सिनेमावाल्यांची नावं आल्यामुळे पेपरांनी चार दिवस मसाला छापला, आणि मुख्य प्रश्न बाजूलाच राहिला. सीडीआर म्हणजे काय, आणि तो बाहेर पडतो कसा?

सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. (याला चांगला मराठी शब्द मी शोधला, पण "ध्वनिसंपर्क तपशील नोंद" वगैरे वाचून माझी रूममेटच हसायला लागली, म्हणून सीडीआरच.) तुम्ही कॉल केला, कॉल आला, एसएमएस गेला की कंपनीच्या स्विचमध्ये एक ओळ तयार होते. कुणाचा नंबर, समोरचा नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद बोललात, हँडसेटचा १५ आकडी आयएमईआय नंबर, सिमचा आयएमएसआय नंबर, आणि कॉल सुरू झाला तेव्हाचा व संपला तेव्हाचा सेल आयडी. बोलणं काय झालं ते त्यात अजिबात नसतं. मुळात ही ओळ बिल काढण्यासाठी होती. नंतर लायसन्सच्या अटीनुसार ती वर्षभर सांभाळणं सक्तीचं झालं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत दोन वर्षं करण्यात आली. म्हणजे फर्स्ट इयरच्या रॅगिंगच्या भीतीने आईला केलेला फोन थर्ड इयरपर्यंत कुठल्यातरी सर्व्हरवर जपून ठेवलेला आहे!

सेल आयडीचं थोडं समजून घेऊ. साधारणपणे एका टॉवरचे तीन सेक्टर असतात, प्रत्येकी १२० अंशांचे. सेल आयडी सांगतो की फोन कुठल्या सेक्टरमध्ये होता. शहरात हा तुकडा काही शे मीटरचा असतो, गावाकडे काही किलोमीटरचा. जीपीएसइतकं अचूक हे नाही, खाडीकाठी तर पलीकडचा टॉवरही पकडला जातो. त्यामुळे सीडीआर बघून कुणी "तू तिथेच होतीस" असं छातीठोकपणे म्हणालं तर ते चुकीचंही असू शकतं.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. समजा कल्याणची एक मुलगी आहे, मी मनाने रचलेली. सकाळी ७:४२ ला कॉल सुरू झाला ठाकुर्लीच्या टॉवरवर, १२ मिनिटांनी संपला दिव्याच्या टॉवरवर. म्हणजे बाई लोकलमध्ये आहेत. ८:२० ला ठाण्याहून एसएमएस. दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता नौपाड्याच्या एकाच सेक्टरमधून एकच फोन, एका दवाखान्याच्या नंबरवर. तिसऱ्या मंगळवारी पॅथॉलॉजी लॅबला फोन. त्याच रात्री आईशी ४० मिनिटं. मग ११:३० ला एका नंबरवर दोन तास. आणि त्यानंतर तो नंबर पुन्हा कधीच नाही.

एक शब्दही ऐकला नाही, तरी तुम्हाला गोष्ट कळली ना? बरं, नाव पुसून टाकलं तर? २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. सेल टॉवरइतकी ढोबळ जागा आणि तासाइतकी ढोबळ वेळ, असे फक्त चार बिंदू माहीत असले तरी ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता आली. सकाळी डोंबिवली, दिवसभर ठाणे, शुक्रवारी रात्री आजीकडे बदलापूर, रविवारी क्लासला कल्याण. झाले चार!

ठाण्याच्या प्रकरणात गिऱ्हाईक कोण होतं, हे लक्षात घ्या. संशयी नवरा-बायको, लग्नाआधी स्थळाची "चौकशी" करणारे. म्हणजे धोका सरकार किंवा अतिरेक्यांकडूनच असतो असं नाही, तो ओळखीच्या माणसाकडूनही असतो. आमच्या विंगमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा "आपण कुठे टेररिस्ट आहोत" असं कुणीच म्हटलं नाही.

मग हा कागद बाहेर पडला कसा? आपल्याला वाटतं हॅकर, काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. तसलं काहीही लागत नाही. तुमचं बोलणं चोरून ऐकायचं असेल तर पोलिसांना गृहसचिवांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो आणि वर पुनर्विलोकन समिती असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पीयूसीएल खटल्यात ही शिस्त लावून दिली. पण सीडीआर म्हणजे "बोलणं" नव्हे, म्हणून त्याला ही चाळणी नाही. तपासाला हवा असलेला कागद म्हणून तो मागता येतो. १ जुलै २०२४ पासून हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चालतं. पोलिसांच्या अधिकृत ईमेलवरून मागणी आली की कंपनी उत्तर पाठवते. ईमेल कुठून आला ते कंपनी बघते. तपास खरोखर चालू आहे का हे ती कशी बघणार?

याची घंटा ठाण्याच्या पाच वर्षं आधीच वाजली होती. २०१३ च्या फेब्रुवारीत दिल्लीत एका पोलीस शिपायाला अटक झाली, वरिष्ठांचा ईमेल आयडी वापरून अरुण जेटली यांचा सीडीआर मागवल्याच्या आरोपावरून. जेटली तेव्हा राज्यसभेतले विरोधी पक्षनेते होते. त्यानंतर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच मागणी करावी असा नियम कडक झाला. आणि तरीही २०१८! गंमत (गंमत कसली?) अशी की, ठाण्यातल्या अटकांच्या पाचच महिने आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं होतं.

तेव्हापासून कायदे आले, हे मान्य करायला हवं. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ मध्ये कॉल डेटा रेकॉर्ड हे शब्द स्पष्ट लिहिलेत. परवानगीशिवाय तो मिळवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. दुसरा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. डेटा फुटला तर ज्याचा फुटला त्याला कंपनीने कळवलंच पाहिजे, आणि दंड २५० कोटींपर्यंत.

आकडा ऐकून बरं वाटतं. पण हा दंड जातो सरकारी तिजोरीत! जिची माहिती गेली तिला त्यातला एक रुपयाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं नुकसानभरपाईचं कलम ४३अ या नव्या कायद्याने काढून टाकलं जाणार आहे. खोटी तक्रार केली तर आपल्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. आणि गुन्ह्याच्या तपासासाठी वापरलेल्या माहितीला यातल्या बऱ्याच बंधनांतून सूट आहे. म्हणजे अधिकृत ईमेलवरून खोट्या कारणाने सीडीआर मागवला, तर कंपनी त्याला "डेटा फुटला" म्हणेल का? माझ्या मते म्हणणार नाही. तिच्या लेखी सगळं नियमानुसारच झालेलं असेल, आणि ग्राहकाला पत्ताही लागणार नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. केस संपल्यावर, सहा महिन्यांनी का होईना, "तुमचा सीडीआर अमुक कार्यालयाने मागवला होता" एवढा एक एसएमएस का नको? लोनच्या जाहिरातीचे दिवसाला सहा येतात, त्यात सातवा!

आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रीपेड ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा कॉलचा तपशील मागता येतो. फी जास्तीत जास्त ५० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात टॉवर नसतात आणि कुणी मागवला तेही नसतं, पण निदान अंदाज येतो. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आपल्याकडे आधारची झेरॉक्स प्रत्येक दुकानात पडलेली असते, म्हणून हे जरूर बघा. (हेच अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालायचा आदेश डिसेंबर २०२५ मध्ये गाजला आणि दोन-तीन दिवसांत मागेही घेतला गेला.) कंपनीने दाद दिली नाही तर आधी तक्रार नंबर, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. २००९ च्या एका निकालामुळे मोबाईलवाल्यांविरुद्ध ते जवळजवळ बंद झालं होतं. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात सांगितलं की ग्राहक तिथे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, आणि ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझाच मागव की!" तिचा फोन साधा बटणांचा, अॅप वगैरे नाही, म्हणून आम्ही दोघी कंपनीच्या गॅलरीत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "प्रीपेडला असं काही नसतं, काकू." मी नियमाचा प्रिंटआऊट पुढे केला. त्याने तो उलटसुलट बघितला, आत जाऊन आला, आणि शेवटी अर्ज घेऊन पोच दिली. ती पोच मावशीने फ्रीजवर चिकटवली आहे. तीस दिवस पुढच्या सोमवारी पूर्ण होतात.